द्राक्षबागेच्या कडेचा प्लॉट: घ्यावा की नुसता बघून यावा? (गंगापूर धरण, दिंडोरी, इगतपुरी पट्टा)

ठाणेकर_तूर्तास

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

राहायला ठाण्यात, बायकोचं माहेर पंचवटीत. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. दिवाळीत सासुरवाडीला गेलो होतो, तेव्हा मेहुण्याच्या ओळखीतला एक एजंट गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला जागा दाखवायला घेऊन गेला. रस्त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवीगार बाग. गाडी त्याने बरोबर बागेसमोर उभी केली, बागवाल्याला हाक मारून आत नेलं, मोहरीएवढे मणी धरलेला घड हातात देऊन म्हणाला, "साहेब, सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायचं आणि हे बघायचं. वाइन व्ह्यू." बायको तिथेच विरघळली. मीही थोडा.

जागा पाच गुंठे. फक्कीच्या रेषा मारलेल्या, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब, त्यावर लाल रंगाने नंबर. सातबारा सामायिक निघेल म्हणाला. मी शेतकरी नाही हे सांगितल्यावर "त्याचं टेन्शन घेऊ नका, दाखल्याचं आपण बघून घेऊ" असंही म्हणाला. विसार म्हणून एक लाख आत्ता, बाकी खरेदीच्या वेळी. पुढच्या महिन्यात भाव वाढणार, कारण कुंभमेळा.

तर प्रश्न असे: या पट्ट्यात भाव खरंच इतके पळतायत का, पळत असतील तर कशामुळे? आणि आमच्यासारख्याने इथे काही घ्यावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

"दाखल्याचं आपण बघून घेऊ" इथेच गाडी वळवायची होती भो. चहा घरी प्यायचा.

सातबारा_वाचक

चहाबाज चेष्टेत बोलले, पण मुद्दा तोच आहे. मी महसूल खात्यात नाही, पण तीस वर्षं लोकांचे फेरफार वाचून डोळ्यांचा नंबर वाढवून घेतलाय, म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या (१९४८) कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची. शेतकरी नसाल तर आधी कलेक्टरची परवानगी. खोटा दाखला जोडून घेतलीत तर व्यवहार अवैध ठरतो आणि कलम ८४ क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. त्या वेळी एजंट कुठे असेल? दुसऱ्या कोणाला तरी घड दाखवत.

दुसरं, तुकडेबंदी. हा कायदा १९४७ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी, त्यात नाशिकही आलं, प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. त्याच्या खालचा तुकडा शेतजमीन म्हणून वेगळा विकता येत नाही. मग हे लोक काय करतात? एका गटात आठ-दहा अनोळखी माणसांना एकत्र खरेदीदार करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं येतात, क्षेत्र सामायिक. कागदावर तुम्ही सगळ्या गटात थोडे थोडे मालक आणि "हा माझा कोपरा" असं कुठेच लिहिलेलं नसतं. मोजणीला अर्ज टाकलात तर बाकीच्या खातेदारांना नोटिसा. त्यातला एक दुबईत, एक वारलेला, त्याच्या तीन बहिणी. फक्कीची रेषा पहिल्या पावसात जाते हो. क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, राहते. ती आहे का विचारा.

२०२५ मध्ये जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करायची सोय सरकारने केली, त्याचा हवाला आता प्रत्येक एजंट देतो. ती सोय झालेल्या जुन्या व्यवहारांसाठी आणि मुख्यतः शहरी, निवासी वापराच्या भागासाठी आहे. शेतीच्या झोनमध्ये आज नवीन तुकडा पाडायचा परवाना म्हणून ती वाचू नका.

तिसरं. धरणाच्या मागे, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी, पेठ या तालुक्यांत पुष्कळ जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ मुळे ती बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, आणि विक्रीच्या बाबतीत कलेक्टरलाही आधी शासनाची मंजुरी घ्यावी लागते. मूळ मालक कोण होता ते आजचा सातबारा सांगत नाही, जुने फेरफार सांगतात. "इतर हक्क" हा रकाना आधी वाचा आणि मालकाचं नाव मग. कुळाची जमीन असेल तर कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा, शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरलाय का, सोसायटीचा बोजा, भोगवटादार वर्ग २ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), सगळं तिथे सापडतं.

ठाणेकर_तूर्तास

बाप रे. सातबारा तर मी मोबाइलवर बघितला होता. त्यात बरीच नावं होती, मला वाटलं मोठं कुटुंब असेल.

चहाबाज

कुटुंबच ते. खरेदीखतानंतर झालेलं.

बागाईतदार

राम राम. मी दिंडोरी तालुक्यातला. घरची बाग आहे. ठाणेकर भाऊ, एक विचारू? त्या बागेत तारा कशा होत्या? डोक्यावर मांडव होता, की इंग्रजी वायसारखे लोखंडी अँगल होते आणि वरून प्लास्टिक?

ठाणेकर_तूर्तास

वायसारखे अँगल. काही ओळींवर प्लास्टिक होतं. का?

बागाईतदार

मग ती वाइनची बाग नाही. थॉमसन असेल नाहीतर एखादी रंगीत व्हरायटी, पण खायची द्राक्षं. वाइनच्या वेली कुंपणासारख्या सरळ उभ्या तारांवर चढवतात, घड खाली गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीवर असतो, आणि मणी बारीक, बियांचा. शिराज, कॅबरने, शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक ही नावं आता आमच्या पोरांनाही पाठ आहेत, पण जिल्ह्यातल्या एकूण द्राक्षात वाइनचं द्राक्ष म्हणजे पाटीतली ओंजळ. बाकी सगळं खायचं आणि एक्सपोर्टचं. तुम्हाला व्ह्यू दाखवला तो निर्यातीचा होता, बाकी काही नाही.

आणि हा व्ह्यू बारा महिने नसतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नुसते खुंट उभे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा परत तेच. एजंट दिवाळीपासून मार्चपर्यंत गिऱ्हाईक आणतात ते उगाच नाही.

मुख्य सांगायचं ते वेगळंच. ज्या बागेकडे तोंड करून तुम्ही घर बांधणार, ती बाग तुमची नाही. ती उद्या राहील याची हमी तो शेतकरीसुद्धा देऊ शकत नाही. तुमच्या पाच गुंठ्यांचा जो भाव लागला, तोच भाव त्याच्याही कानावर गेलेला असतो.

मृदगंधा

मी इगतपुरीबद्दल लिहू शकते. आम्ही (मुंबईचे, मी माहेरची नाशिकची) २०१८ मध्ये घोटीच्या पुढे एका वसाहतीत छोटा बंगला घेतला. रीतसर बिगरशेती, महारेरा नंबर, सगळं स्वच्छ, त्यामुळे कागदाची तक्रार नाही. तक्रार पावसाची! कोकणाच्या तोडीस तोड पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटात बुरशी, गाद्या उन्हात टाकायला ऊनच नाही. दर वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. देखभालीचा महिन्याचा आकडा ऐकून आमचे सासरे म्हणाले, "यात दर शनिवारी हॉटेलात राहिलो असतो."

पण भाव वाढले, हे खरं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. कसाऱ्याचा घाट टळला, आठ किलोमीटरच्या आसपासचा बोगदा पार केला की तुम्ही वर. त्याच्या आधी दोन वर्षांपासूनच आमच्या वसाहतीत "विकायचाय का?" असे फोन यायला लागले होते. रस्ता उघडला त्या महिन्यात फोन वाढले, गिऱ्हाईक नाही वाढलं. सगळे फोन एजंटांचे, एकमेकांना तोच बंगला विकणारे.

आमच्याकडे जवळपास दोन वाइनऱ्या आहेत, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईकडे मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने. पाहुण्यांना घेऊन जायला छान. घराच्या किमतीत त्यांचा वाटा किती म्हणाल तर जाहिरातीतल्या फोटोइतका.

गोदाकाठ

भाव कशामुळे पळतात, यावर माझे दोन पैसे. (जन्म नाशिकचा, दुकान मेन रोडला, जमिनीत कधी हात घातला नाही, फक्त समोरच्याच्या गप्पा ऐकल्यात. दुकानदाराला हे शिक्षण फुकट मिळतं.)

या पट्ट्यात एका जमिनीला तीन भाव असतात. एक रेडीरेकनरचा, ज्यावर मुद्रांक लागतो. एक सांगायचा, जो चहाच्या टपरीवर फिरतो. आणि एक होणारा, जो फक्त घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि मधल्याला माहीत. आपण सगळे "भाव वाढला" म्हणतो तेव्हा टपरीवरचा भाव धरतो. रेडीरेकनर २०२२ नंतर थेट १ एप्रिल २०२५ ला वाढला, राज्याची सरासरी वाढ ४.३९ टक्के, नाशिक महापालिका हद्दीत ७.३१ टक्के. टपरीवरचा भाव त्या तीन वर्षांत थांबला होता का? तो तर रोज सकाळी पेपर उघडून वाढतो.

कारण नाशिकचा भाव बातमीवर चालतो. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) २०९२ कोटी आले, लगेच खांब कुठून जाणार याचे नकाशे व्हॉट्सॲपवर आणि त्या रस्त्याचे भाव वर. निओ काही धावली नाही. भाव मात्र खाली आले नाहीत, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसल्यासारखे तिथेच बसलेत. जानेवारी २०२२ मध्ये किराणा सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा "आता द्राक्षपट्ट्यात सोनं" म्हणून सावरगाव, गंगावऱ्हेकडे लोक गाड्या घेऊन गेले. तो निर्णय अंमलात आलाच नाही. आता सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ मध्ये अमृतस्नानं. रस्ते रुंद होतील, त्याचा उपयोगही होईल. पण कुंभ बारा वर्षांनी येतो आणि हप्ता दर महिन्याला.

वाइनचा वाटा आहेच, नाही कोण म्हणतंय. सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली, मग मुक्कामाच्या सोयी. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या नंबरच्या गाड्यांची रांग. त्या रांगेवर मिसळीची हॉटेलं उभी राहिली (शेतात खाटा, झोके, बैलगाडी, आणि तर्री तीच), मग होमस्टे, मग लग्नाचे लॉन. शेताला रस्त्याच्या कडेचा भाव आला तो या लोकांमुळे. द्राक्षाच्या किलोमागच्या पैशातून तो भाव निघत नाही, कुठलाही हिशेब मांडा.

खाडीपलीकडे

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून लिहितोय, मूळ निफाडचा. नापा हा इथला वाइनचा पट्टा, दीड तासावर, पाहुणे आले की आमचीही तीच सहल. नापा आणि नाशिक हे शेजारी ठेवायची लोकांना हौस असते म्हणून एक फरक सांगतो.

नापा काउंटीने १९६८ मध्ये खोऱ्यातली शेती राखीव करून टाकली. ॲग्रिकल्चरल प्रिझर्व्ह म्हणतात. तिथे जमिनीचा तुकडा २० एकरांपेक्षा लहान करायचा नाही असा नियम घातला, १९७९ मध्ये तो ४० एकर केला. आपले गुंठे नव्हेत, एकर! नंतर १९९० मध्ये मतदान घेऊन ठरवलं की शेतीच्या जमिनीचा वापर बदलायचा तर काउंटीच्या मतदारांची मंजुरी पाहिजे. २००८ मध्ये परत मतदान, मुदत २०५८ पर्यंत. म्हणून आजही तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल वेलीच दिसतात.

त्याची किंमत कोण देतो तेही सांगायला हवं. नापात घरं परवडत नाहीत. बागेत, वाइनरीत, हॉटेलात राबणारी माणसं व्हॅलेहो, फेअरफिल्डकडून रोज गाडी हाकत येतात. वेल वाचली आणि वेल छाटणारा बाहेर गेला. सध्या तर वाइनचा खपच उतरलाय, करार नसलेली द्राक्षं कोणी उचलत नाही, कॅलिफोर्नियात लोक वेली उपटतायत. तरी ती जमीन प्लॉट पाडून विकता येत नाही.

बागाईतदार

खाडीपलीकडे भाऊ, निफाडचे म्हणजे घरचेच. हा कायदा आमच्या गावच्या ग्रामसभेत मांडून बघा, मी लांब उभा राहून ऐकतो.

चेष्टा नाही करत. चाळीस एकरांखाली तुकडा करायचा नाही म्हटलं तर आमच्या गावात चाळीस एकर एकत्र असलेला माणूसच नाही. आम्ही तीन भाऊ, वडिलांच्या नावावर नऊ एकर. त्यात विहीर एक, शेततळं एक, रस्ता एक. पोरीचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, सोसायटीचं कर्ज यांच्यासाठी आमच्याकडे एकच चेकबुक आहे आणि ते सातबाऱ्याच्या रूपात.

वाइनचं द्राक्ष आम्हीही लावलं होतं. २००१ चं राज्याचं धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, जिल्ह्यात दर महिन्याला एक वाइनरी उभी राहत होती. वडिलांनी २००६ मध्ये दीड एकर शिराज लावली. करार होता. पहिला माल उचलला, दुसरा उचलला. मग मुंबईचा हल्ला, मंदी, वाइन टाक्यांमध्ये पडून राहिली. २००९ च्या हंगामात फोन केला तर "थांबा, टाकी रिकामी झाली की गाडी पाठवतो." ब्रिक्स (द्राक्षातली साखर) वर गेलं, मणी सुकायला लागले, गाडी आली नाही. (कंपनीचं नाव विचारू नका, ती आता नाहीही.) वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही, बिया असतात, साल जाड, पोरंसुद्धा थुंकतात. वडील आठवडाभर रोज बागेत जाऊन एक घड तोडून खायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाहीत. पावसाळ्याआधी जेसीबी बोलावला. अँगल आणि तार भंगारात वजनावर गेली, त्याचे पैसे मात्र लगेच हातात पडले.

त्या दीड एकरात परत थॉमसन लावली. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आठवते का कोणाला? निफाडचे भाऊ सांगतील. आमच्याकडे टोकाला लागली, पण साडूची बाग अर्ध्या तासात झोपली. तो माणूस दुसऱ्या दिवशी एजंटाशी बोलायला बसला. त्याला मी काय सांगणार, हिरवळ राख म्हणून?

खाडीपलीकडे

२०२३ ची गारपीट... आमचे काका त्या रात्री फोनवर फक्त "गेलं" एवढंच म्हणाले. मुद्दा मान्य.

दोनखोल्या

मी या धाग्यातली ती चूक आहे, जी ठाणेकर करायला निघालेत. मखमलाबादच्या पुढे बागेला लागून बिगरशेती प्लॉट घेतला, घर बांधलं, राहायला गेलो. कागद चोख. पहिल्या आठवड्यात पहाटे साडेचारला असा आवाज की मला वाटलं विमान उतरतंय. ब्लोअर! ट्रॅक्टरच्या मागे मोठा पंखा, औषधाचं धुकं उडवत ओळीओळीने चाललेला. डावणी आणि भुरी ही द्राक्षावरच्या रोगांची नावं मला तेव्हा कळली. दमट हवा असली की एक दिवसाआड. खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत, कुंडीतली तुळस आत. नवऱ्याला दम्याचा त्रास.

मी तावातावाने बागवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले, "ताई, बाग १९९४ ची आहे. तुमचं घर कधीचं?" मला उत्तर देता येईना. आता त्यांनी एवढं केलंय की आदल्या संध्याकाळी मेसेज टाकतात. "उद्या फवारणी." आम्ही त्या दिवशी सकाळी देवळात जातो.

चहाबाज

ठाणेकर, ओट्यावरचा चहा झाकण ठेवून प्या.

सातबारा_वाचक

दोनखोल्या ताईंचा अनुभव प्रत्येक माहितीपत्रकात छापायला हवा.

बिगरशेती प्लॉटवाल्यांचं गणित मांडतो, म्हणजे भाव महाग का वाटतो ते कळेल. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. लेआउट मंजूर करताना रस्ते जातात, एक एकराच्या वर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. हातात विकायला राहतात समजा पंचवीस-सव्वीस गुंठे. म्हणजे शेतकऱ्याला एकरी जो भाव दिला तो चाळीसने न भागता पंचवीसने भागायचा. त्यावर रस्ता, गटार, विजेचे खांब, परवानगीचे खर्च, व्याज. शेतीच्या तुकड्यात हे काहीच नसतं म्हणून तो स्वस्त दिसतो. स्वस्त आहे कारण त्यात रस्ता नाही, पाणी नाही आणि कायद्याने बघितलं तर प्लॉटही नाही.

विकासकाची जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि आठांपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेरा नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही. "आमचं शेतीचं आहे, आम्हाला रेरा लागत नाही" हे जो ऐकवतो, त्याने स्वतःच सांगून टाकलं की तो तुम्हाला घराची जागा विकत नाही.

फार्महाउस बांधू म्हणाल तर त्यालाही किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर लागतो. पाच गुंठ्यांत फार्महाउस हे फक्त बॅनरवर होतं.

आणि धरणाजवळ आहात तर पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम विसरा. एजंट पाण्यापासूनचं अंतर डिसेंबरात दाखवतो की ऑगस्टात, यावरही थोडा विचार करा.

मृदगंधा

रस्ता! रस्त्याचं लिहा ना कोणीतरी. आमच्या शेजारच्या गटात चार जणांनी घेतलंय, जायचं कसं तर दुसऱ्याच्या बांधावरून. त्याने गेल्या वर्षी तिथे सागवान लावला.

सातबारा_वाचक

महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, बांधावरून रस्ता मिळतो. शेतीच्या वहिवाटीसाठी. तीन-चार वर्षं, एक अपील आणि शेजाऱ्याशी कायमचं वैर एवढी तयारी ठेवायची. त्यापेक्षा घेण्याआधी गावनकाशावर शिवरस्ता किंवा पाणंद दिसते का ते बघणं सोपं. आज तिथून गाडी जाते, याचा अर्थ आज त्याने जाऊ दिली एवढाच.

गोदाकाठ

शहरातल्या फ्लॅटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला राहणाराच माणूस घेतो, म्हणून तिथला भाव सावकाश चढतो आणि सावकाशच बसतो. भाडं किमतीच्या मानाने कमी. आमची पोरं पुण्याला, बंगळूरला. आईवडील तीन खोल्यांत दोघं. सातपूर-अंबडमध्ये नवीन मोठा कारखाना येईल तेव्हा भाड्याला खरी मागणी येईल, वाइनच्या पर्यटकाला फ्लॅट लागत नाही. ठाणेकरांना नाशिकला म्हातारपण काढायचं असेल तर दवाखाना, भाजी आणि रिक्षा दहा मिनिटांवर असलेलं घर बघा. वाइन प्यायला ओला करून जाता येतं, किंबहुना तसंच जावं.

खाडीपलीकडे

अवांतर: बागाईतदार, साडूंनी विकली का शेवटी?

बागाईतदार

तीन एकरांतली एक विकली. शहरातल्या डॉक्टरने घेतली, शेतकरी आहे तो, कागद नीट. आता त्यात एक पाटी आहे, एक वॉचमन आहे आणि गाजरगवत आहे. गवताचं बी वाऱ्याने साडूच्याच उरलेल्या बागेत येतं. पैशातून त्याने कर्ज फेडलं, उरलेल्या दोन एकरांवर प्लास्टिक टाकलं. म्हणजे जमीन विकून बाग वाचवली म्हणायचं की बाग वाचवायला जमीन घालवली, आमच्यात रोज वाद होतो. दोघांचंही खरं आहे.

वाईट एवढंच वाटतं की आता त्याच्या बांधापर्यंत तो भाव आलाय. शेजारी एकर विकायला निघाला तर पूर्वी भाऊबंद घ्यायचे. आता शेतकऱ्याने शेतीसाठी शेत घ्यायचं म्हटलं तर द्राक्षातून ते फिटायला नातू यावा लागेल. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत बाग वाढवायला जमीन घेतलेला एक माणूस मला आठवत नाही. वाढतायत ते कंपाउंड.

ठाणेकर_तूर्तास

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

एजंटाला फोन करून क प्रत, तीस वर्षांचे फेरफार आणि गटाचा झोन दाखला मागितला. "साहेब, तुम्हाला कोणीतरी घाबरवलंय," म्हणाला. दोन दिवसांनी मेसेज आला, ती जागा गेली, आता इगतपुरीला एक स्कीम आहे, बुद्धा व्ह्यू. विपश्यनेच्या पॅगोडाकडे तोंड करून म्हणे.

मेहुण्याला घेऊन परवा परत तिथे जाऊन आलो, एजंटाशिवाय. बागवाला भेटला. तो म्हणाला, त्या पट्ट्यात फक्कीच्या रेषा तिसऱ्यांदा मारल्यात, दर दिवाळीला मारतात. घडाचे पैसे एजंट देतो का विचारलं, तर हसला. आणि हो, त्याची बाग थॉमसनचीच निघाली.

बायकोने तूर्त असं ठरवलंय की एक वर्ष पंचवटीत नाहीतर मखमलाबादला भाड्याने राहून बघायचं, पावसाळ्यासकट. बागाईतदार, तुमच्याकडे यायचं आहे. जागा बघायला नाही, बाग बघायला. जमेल का या रविवारी?

बागाईतदार

या की. वहिनींना घेऊन या. मोहाडीच्या फाट्यावर आलात की फोन करा, गाडी आत येते, रस्ता आमचाच आहे. फक्त नऊच्या नंतर या, त्याआधी मी ब्लोअरवर असतो.

दोनखोल्या

आम्हीही येऊ का? तसंही घराबाहेरच असतो त्या वेळी.